लाल मातीतून आलेली आंबुशी

‘लॉनमध्ये क्लोव्हर माजलंय, औषध सुचवा,’ म्हणून पुण्यातल्या एका सोसायटीने बोलावलं होतं. ते क्लोव्हर नव्हतं, आंबुशी नावाचं तण होतं. तीन दलांचं पान दिसलं की लोक क्लोव्हर म्हणून मोकळे होतात. आंबुशीचं प्रत्येक दल बदामाच्या आकाराचं, मधोमध घडीचं असतं आणि फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं. रानमेथीही अशीच जमिनीलगत पसरते, पण तिचं फूल गुलाबी-जांभळं.

आधीच्या ठेकेदाराने टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं. त्याने आंबुशीची पानं वाकडी होतात, पिवळी पडतात, पण मूळ तगतं आणि झाड पुन्हा फुटतं. ते फुटलं, तर याने मात्राच वाढवली, तीही भर दुपारच्या वाऱ्यात. तळमजल्यावरच्या टोमॅटोची पानं आखडून अरुंद झाली होती. टोमॅटो, द्राक्ष, कापूस यांना या औषधाचा नुसता तुषारही सोसत नाही, हे फवारणाऱ्याला ठाऊक असायलाच हवं.

आंबुशी आली कुठून, हे माळीकाकांनी एका वाक्यात सांगितलं: “आधी नर्सरीच्या कुंड्यांपाशी दिसली, मग लाल माती पसरली तिथं.” कमिटीने त्यांना कधी विचारलंच नव्हतं! मातीची ट्रॉली रिकामी केली त्याच कोपऱ्यात गालिचा सर्वांत दाट होता. भेंडीसारखी उभी शेंग पिकली की बोट लागताच तडकते, बी लांब उडतं, बुटांना आणि गवत कापायच्या मोवरच्या पात्यांना चिकटतं. शेंगा धरलेल्या असताना मोवर फिरवणं म्हणजे पेरणीच.

काढायची ती हातानेच, फुलावर असताना. आदल्या दिवशी पाणी द्यायचं. खुरप्याचं टोक बुडख्याखाली तिरकं घालून सोटमूळ अख्खं उचलायचं, मग प्रत्येक धावती फांदी पेरापेराला सोडवायची, कारण प्रत्येक पेराला मुळं असतात. नुसती ओढली तर फांदी हातात येते आणि मूळ आत राहतं. काढलेलं सगळं थेट पोत्यात. कंपोस्टच्या खड्ड्यात नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच फेरी, कारण खालचं बी उजेड मिळताच उगवतं.

पेंडीमेथॅलिन हे तणनाशक उगवत्या बीला अडवतं, उभ्या झाडाला काही करत नाही. मुलं लोळतात त्या हिरवळीवर मी ते सुचवलं नाही. त्याऐवजी गवत दीड इंचाच्या खाली कापू नका, रोजचा शिडकावा बंद करून दोन-तीन दिवसांनी खोलवर पाणी द्या, असं सांगितलं. गवत दाट झालं की बीला उजेड मिळत नाही.

हे सगळं कमिटीने मान्य केलं. अडलं ते मातीवर. मोकळ्या आवारात पडलेली माती स्वस्त मिळते, म्हणून दिवाळीआधी तीच ट्रॉली पुन्हा मागवायची आहे. थोडी माती ट्रेमध्ये ओली करून दोन-तीन आठवडे उन्हात ठेवा, काय उगवतं ते बघा आणि मगच ऑर्डर द्या, एवढं लिहून दिलंय. उत्तर अजून आलेलं नाही.