सोळा मात्रा, पाच टाळ्या

शनिवार, रात्री उशिरा

तबल्याच्या क्लासला जाता-येता गाडीत पॉडकास्ट लावायची सवय आता मुलांनाच लागली आहे. आज सीटबेल्ट लावायच्या आधीच लेकीने विचारलं, "आई, रेगेटॉनचा राहिलेला भाग ना?" मागे धाकटा आणि लेकीची वर्गमैत्रीण. तिचं आजोळ पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरचं. इथे न्यू जर्सीत घरी स्पॅनिश बोलणारी पुष्कळ मुलं हिच्या शाळेत आहेत, त्यामुळे रेगेटॉनची, म्हणजे स्पॅनिशमधल्या रॅपसारख्या नाचाच्या ठेक्याची, गाणी पोरांना तोंडपाठ. ती कोणाच्या घरांतून, कोणत्या दिवसांतून आली, हे त्यांना कळावं अशी माझी फार इच्छा आहे.

सध्या ‘लाउड’ चालू आहे. रेगेटॉनचा इतिहास सांगणारी २०२१ ची मालिका, निवेदन रेगेटॉन गायिका आयव्ही क्वीनचं. पुरुषांचीच चलती असलेल्या या संगीतात ती स्वतःच्या बळावर उभी राहिली, म्हणून तिच्या तोंडून ऐकताना गोष्ट ऐकीव वाटत नाही. भाषा मोकळी आहे. मी प्रत्येक भाग आधी एकटी ऐकते आणि धाकटा सोबत असला की काही तुकडे पुढे ढकलते.

गोष्ट पनामापासून सुरू होते. कालवा खणायला जमैका, बार्बाडोसहून हजारो मजूर आले. १९१४ मध्ये कालवा सुरू झाला, पण कितीतरी कुटुंबं तिथेच राहिली, आणि त्यांच्याच वंशातल्या पोरांनी पुढे जमैकाचं रेगे स्पॅनिशमधून गायला घेतलं. मग पोर्तो रिकोत, सान हुआनच्या सरकारी वसाहती, हातोहात फिरणाऱ्या कॅसेट, आणि १९९५ मध्ये गाण्यांच्या दुकानांवर पडलेले पोलिसांचे छापे. इथे मी पॉडकास्ट थांबवला. धाकटा विचारत होता, "गाण्यासाठी पोलीस येतात?" मैत्रीण म्हणाली, तिच्या मामाकडेही तसल्या कॅसेट होत्या, आजीला सापडू नयेत म्हणून गादीखाली ठेवलेल्या. पुढची दहा मिनिटं नुसता मामा! अशा वेळी घाईने पुन्हा सुरू करू नये. मुलांसोबत ऐकायचं तर थांबवता आलं पाहिजे, नाहीतर ती आपापल्या हेडफोनमध्ये ऐकतातच की.

क्लास सुरू व्हायला वेळ होता, म्हणून पार्किंगमध्येच क्युबन संगीतातला क्लावे काढला. अमेरिकेतल्या एनपीआर रेडिओच्या ‘ऑल्ट लॅटिनो’मुळे, २०१० पासून चालणाऱ्या त्या कार्यक्रमामुळे, क्युबन संगीत आमच्याकडे आधीच येऊन गेलंय. क्लावे म्हणजे कठीण लाकडाच्या दोन छोट्या दांड्या, आणि त्यांवर वाजणारा ठेकाही. हवानाच्या गोदीत जहाजं बांधताना लागणाऱ्या लाकडी खुंट्यांपासून त्या आल्या, असं सांगतात. मी मुलांना सोळा मोजायला लावले आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या, तेराव्या आकड्यावर टाळी. सातवरून अकरावर जाताना लेक दर वेळी दहावरच टाळी देई. धाकट्याने मात्र डोळे मिटून, बोटांवर मात्रा धरत पकडलं. आणि एकदम ओरडला, "आई, सम आणि तेरावी तर तीनतालाचीच!" खरंच की! तीनतालही सोळा मात्रांचाच: टाळी एक (हीच सम), पाच आणि तेरावर, ‘खाली’ म्हणजे बिनटाळीची मात्रा नऊवर. दोन टाळ्या जुळतात, बाकीच्या वाटा वेगळ्या. मग एकाने तीनताल धरला, दोघींनी क्लावे, आणि तेरावर तिघांची टाळी एकत्र पडली की गाडीत नुसता आरडाओरडा. हे मी कधी त्यांना शिकवू शकले नसते. इतका आनंद झाला मला.

परतीच्या वाटेवर बोंबाचा विषय निघाला. पोर्तो रिकोत उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकन गुलामांचं हे संगीत. तिथली गुलामगिरी १८७३ मध्ये संपली, बोंबा राहिला, लोइसासारख्या गावांनी जपला. ढोल रमच्या पिंपांपासून केलेले, वर बकऱ्याचं कातडं. एक ढोल ठेका धरून ठेवतो. दुसरा नाचणाऱ्याकडे बघत वाजतो: स्कर्टचा घेर उडाला, खांदा हलला, पाऊल थबकलं की त्याने त्याच क्षणी उत्तर द्यायचं. ज्यांच्या अंगावर दिवसभर दुसऱ्याची सत्ता, ते रात्री ढोलाला आपल्या अंगामागे धावायला लावत होते. हे सांगताना माझा आवाज जरा जड झाला. लेक काही बोलली नाही, पण घरी आल्यावर तिने बोंबाचे व्हिडिओ शोधून काढले आणि जेवणाआधी बराच वेळ नुसते पाय बघत बसली.

मैत्रिणीला सोडताना तिची आजी दारात भेटली. आम्ही काय ऐकतो ते नातीने सांगितलं, तर म्हणाली, मलाही ऐकव. म्हणून आता ‘ला ब्रेगा’ हा पॉडकास्ट घ्यायचं ठरवलंय. त्याचं २०२३ चं पर्व पोर्तो रिकोच्या आठ गाण्यांवर आहे, आणि प्रत्येक भाग इंग्रजीत आहे तसा स्पॅनिशमध्येही. मुलं गाडीत इंग्रजीत ऐकतील, आजी घरी स्पॅनिशमध्ये, आणि नंतर तिलाच प्रश्न विचारता येतील. उद्या भाजी चिरताना पहिला भाग ऐकून ठेवते.