तुम्ही विचारलंत म्हणून : शरीर खरंच स्वतःला बरं करतं का?

मी निसर्गोपचार करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "शरीर आपलं आपण बरं होतं म्हणता, मग उपचार कशाला?" कुणी हे खोचकपणे विचारतं. कुणी फार आशेनं विचारतं, कारण घरात कुणाचं तरी मोठं दुखणं चालू असतं आणि 'होईल हो सगळं बरं' एवढंच माझ्या तोंडून ऐकायचं असतं. मी दोघांनाही एकच सांगते. शरीर स्वतःला बरं करतं हे खरं आहे, पण प्रत्येक वेळी नाही आणि कुठल्याही परिस्थितीत नाही.

हाताला खोलसर कापलं तर काय होतं बघा. काही मिनिटांत प्लेटलेट्स जमून रक्ताची गुठळी धरते. पाठोपाठ पांढऱ्या पेशी येतात आणि जंतूंचा, मेलेल्या पेशींचा फडशा पाडतात. जागा लाल होते, सुजते, ठणकते. आपण म्हणतो त्रास सुरू झाला. खरं तर दुरुस्ती सुरू झालेली असते. मग खपलीखाली बारीक बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे घाईघाईनं घातले जातात आणि दोन्ही कडांच्या त्वचेच्या पेशी सरकत सरकत मध्ये येऊन मिळतात. खपली पडली की आपण ती जखम विसरतो. आत मात्र घाईत घातलेले धागे काढून जास्त मजबूत धागे घालण्याचं काम पुढे कित्येक महिने, कधी वर्षभरही चालू असतं. एवढं करूनही तो व्रण मूळ त्वचेच्या फार तर ८० टक्के बळकट होतो. डॉक्टर टाके घालून कडा जवळ आणतात, जखम स्वच्छ ठेवतात. ते हवंच. पण सांधतं शरीर.

ही गोष्ट आंब्रुआझ पारे या फ्रेंच शल्यचिकित्सकाला रणांगणावर उमगली. बंदुकीच्या गोळीची जखम विषारी असते, अशी त्या काळची समजूत होती. म्हणून जखमेत उकळतं तेल ओतत. १५३७च्या सुमारास इटलीतल्या मोहिमेत त्याच्याजवळचं तेल संपलं. मग उरलेल्या सैनिकांना त्यानं अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. आपल्यामुळे ही माणसं दगावणार, या धास्तीनं रात्री त्याला झोप लागली नाही. पहाटे उठून बघतो तर लेपवाले बऱ्यापैकी शांत, दुखणंही कमी; तेलवाले तापानं फणफणलेले, जखमा टम्म सुजलेल्या. लेपात किती गुण होता, याच्या खोलात मी जात नाही. उकळतं तेल पडलं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. निसर्गोपचारातलं निम्मं काम हेच आहे. बरं होण्याच्या आड काय येतंय ते शोधायचं आणि बाजूला करायचं.

आड येणारी गोष्ट दर वेळी तेलासारखी डोळ्यांना दिसत नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर जेमतेम साडेतीन मिलिमीटरची जखम केली. ती भरायला त्यांना इतर स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. पुढे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर तेवढीच जखम एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर केली, तेव्हा परीक्षेच्या वेळी ती सुमारे ४० टक्के सावकाश भरली. म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी आधी झोप, काळजी, धूम्रपान यांची चौकशी करते. माती-पट्टी आणि कटिस्नान, म्हणजे कंबर बुडेल एवढ्या पाण्यात बसणं, हे नंतर.

आता दुसरी बाजू, आणि ती सांगताना मी आवाज मुद्दाम थोडा चढवते. यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला तरी उरलेलं यकृत वाढून जवळजवळ पूर्वीएवढं होतं. पण दाताच्या एनॅमलमध्ये, म्हणजे वरच्या टणक थरात, जिवंत पेशीच नसतात, त्यामुळे तिथे पडलेला खड्डा कधीच भरत नाही. हृदयाचा मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही, त्या जागी व्रण राहतो. टाइप १ मधुमेहात तर प्रतिकारशक्तीच उलटते आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. इन्सुलिन हाती येण्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत. त्यानं आयुष्याचे काही महिने वाढत, पण मुलं हाडांचा सापळा होत आणि शेवटी जात. जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं आणि हे चित्र पालटलं. लंघनावर माझा विश्वास आहे, म्हणूनच ही हकिगत मी लंघन करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

सगळे रोग मुळात एकच, शरीरात साठलेलं विजातीय द्रव्य, म्हणजे शरीराला परकी असलेली घाण, हेच त्यांचं कारण, असं लुई कूने या जर्मन निसर्गोपचारकांनी मांडलं. आमच्या शास्त्रात हे अजूनही शिकवतात. मला ते पटत नाही. मोडलेलं हाड, क्षय आणि मधुमेह यांना एकाच पोत्यात भरता येत नाही. उपचार चालू असताना त्रास वाढला की 'घाण बाहेर पडतेय' म्हणून थोपवून धरणाऱ्यांचा तर मला राग येतो. त्रास वाढला तर तो का वाढला, हे आधी तपासलंच पाहिजे.

"मग माझ्या गोळ्या बंद करू का?" हा प्रश्न बहुतेक वेळा जाता जाता, दारातून येतो. मी त्यांना परत आत बसवते. ज्यांनी गोळ्या लिहून दिल्या त्यांना विचारल्याशिवाय एकही कमी करायची नाही. झोप सुधारू दे, चालणं वाढू दे, वजन उतरू दे. मग रक्तदाब आणि साखर पुन्हा मोजून ते आकडे डॉक्टरांना दाखवा. अशा आकड्यांवरून डॉक्टरांनी स्वतः गोळी कमी केल्याचं मी पाहिलंय, आणि गोळी आहे तशीच चालू ठेवावी लागल्याचंही. गोळी चालू राहिली म्हणून झोप आणि चालणं सोडायचं नाही, एवढं मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेते.