पत्र्यावरचा पाऊस शांत करताना

बडोद्यात दांडिया बाजाराकडच्या गच्च्यांवर पत्र्याच्या खोल्या कमी नाहीत. जुलैची जोरदार सर आली की आत फोनवरही बोलता येत नाही. कारण साधं आहे: ०.५ मिमीचा पत्रा ढोलाच्या कातड्यासारखा थरथरतो. म्हणून आवाज अडवण्याआधी ती थरथर मारायची.

त्यासाठी ५० मिमी ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर, एका बाजूला फॉइल असलेली; घनता २४ ते ४८ किलो प्रति घनमीटर) पत्र्याला खालून टेकलेलं हवं. मध्ये पोकळी राहिली तर थरथर दबत नाही. फॉइलची बाजू खोलीकडे ठेवा आणि सांधे फॉइल टेपने बंद करा, नाहीतर आतली वाफ थंड पत्र्यावर जमून लोकर भिजते, लोंबते. खाली १०० मिमी अंतरावर १२.५ मिमी जिप्समचं छत. शक्यतो दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता. हे छत पर्लिनला (पत्रा ज्यावर बसवतात त्या आडव्या पट्ट्यांना) थेट स्क्रूने आवळलं की निम्मी मेहनत वाया, कारण थरथर तिथून खाली उतरते; छत टांगायला रबरी हँगर वापरा. कडेच्या फटी सीलंटने भरा.

थर्मोकोल लावून मात्र पैसे घालवू नका. तो उष्णता अडवतो, आवाज नाही.

आधी सैल स्क्रू आणि झिजलेले रबरी वायसर तपासा. बरीचशी खडखड तिथलीच असते.