दुसऱ्या नंबरचं गाणं

ब्रिटनमधल्या सर्वाधिक खपाच्या गाण्यांची साप्ताहिक यादी मी दुसऱ्या ओळीपासून वाचते. जुनी खोड आहे. पहिल्या नंबराचं कौतुक करायला सगळं जग बसलेलं असतं. थोडक्यात हुकलेल्याची विचारपूस करायला कुणीतरी हवं की नाही?

१९६७ साली बीटल्सनी एका छोट्या तबकडीवर 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' काढली. कुठली बाजू आधी लावावी, असा प्रश्न पडावा. तरीही ब्रिटनमध्ये ती दुसऱ्या नंबरवर अडकली. वर होता गायक एंजलबर्ट हम्परडिंक, आणि त्याच्या गाण्याचं नाव 'रिलीज मी'! मला सोड, मला सोड म्हणत गडी सहा आठवडे पहिल्या जागेला चिकटून बसला. १९८१ मध्ये अल्ट्राव्हॉक्स या बँडच्या 'व्हिएन्ना'चं दुःख याहून मोठं. इतकं गंभीर, धुक्यातून चालत आल्यासारखं गाणं, आणि त्याची वाट अडवली कोणी, तर 'शडप यू फेस' नावाच्या एका थिल्लर गमतीने.

म्हणून या यादीवर मी रागावत नाही. त्या आठवड्यात बाजारात आणखी कोण कोण उतरलं होतं, एवढंच ती सांगते. पहिली ब्रिटिश यादी १४ नोव्हेंबर १९५२ ला छापून आली, तीही कशी? ती छापणाऱ्या साप्ताहिकाच्या एका माणसाने वीसेक रेकॉर्डच्या दुकानांना फोन लावले, काय खपतंय ते विचारलं आणि बेरीज केली. काही गाण्यांची बरोबरी झाली, त्यामुळे बारा नंबरांत पंधरा गाणी बसवली गेली. मला हा मोकळेपणा फार आवडतो. आता कोट्यवधी वेळा ऐकलेलं मोजलं जातं, शुक्रवार ते गुरुवार असा काटेकोर आठवडा धरून.

पण माझं सगळ्यात लाडकं हुकलेलं गाणं म्हणजे व्हॅम या जोडीचं 'लास्ट ख्रिसमस'. १९८४ च्या डिसेंबरात ते दुसरं आलं. पहिलं होतं इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी बऱ्याच गायकांनी मिळून गायलेलं गाणं, आणि त्या घोळक्यात व्हॅमचा गायक जॉर्ज मायकल स्वतःही होता. म्हणजे त्याला हरवणाऱ्या आवाजांत एक त्याचाच. वर व्हॅमने आपल्या गाण्याचे पैसेही त्याच दुष्काळनिधीला दिले.

पुढे दर डिसेंबरात गाणं दुकानांतून, रेडिओवरून, नंतर फोनमधून वाजत राहिलं. यादीत वर चढायचं, सण सरला की उतरायचं. अखेर १ जानेवारी २०२१ च्या यादीत ते पहिलं आलं. ख्रिसमसचं गाणं, आणि मान मिळाला नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी! छत्तीस वर्षं लागली. जॉर्ज मायकल तोवर नव्हता. २०१६ मध्ये तो गेला, तोही २५ डिसेंबरलाच.

त्या शुक्रवारी मी यादी पहिल्या ओळीपासून वाचली.