पिझ्झा आणायला गेलेला पत्रकार

गेल्या मे महिन्यात एका दुपारी कूलरचा पंप बंद पडला आणि झोपेची आशा सुटली, तेव्हा मी उत्तर आयर्लंडचे लेखक कॉलिन बेटमन यांची ‘डिव्होर्सिंग जॅक’ ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचायला घेतली. माझी प्रत नागपूरच्या बर्डीच्या फुटपाथवरची, साठ रुपयांची. नावात घटस्फोट असल्यामुळे विक्रेत्याने ती कायद्याच्या गाइडांमध्ये लावून ठेवली होती, आणि मला वाटते, त्यामुळेच ती माझ्यासाठी शिल्लक राहिली असावी.

कादंबरी १९९५ मध्ये आली. तिचा नायक डॅन स्टार्की हा बेलफास्टमधील एका वृत्तपत्राचा स्तंभलेखक आहे. उत्तर आयर्लंडमधील प्रोटेस्टंट आणि कॅथलिक या दोन्ही बाजूंची टिंगल करणे हाच त्याचा व्यवसाय असल्याने दोन्ही बाजूंना तो सारखाच नकोसा आहे. घरच्या पार्टीत मार्गारेट नावाच्या विद्यार्थिनीचे चुंबन घेताना त्याची पत्नी पॅट्रिशिया त्याला पाहते, आणि तिथून त्याच्या आयुष्याची घडी विस्कटत जाते. पुढे तो मार्गारेटच्या घरी असताना पिझ्झा आणायला बाहेर पडतो आणि परत येतो तो ती मरणपंथाला लागलेली असते. घाबरून पळताना अंधाऱ्या जिन्यावर समोरून कोणीतरी येते. मारेकरीच आला असे समजून हा झटापट करतो, ती व्यक्ती गडगडत खाली जाते आणि जागीच मरते. ती मार्गारेटची आई असते. इथे वाचकाला हसू येते आणि त्याच क्षणी स्वतःची लाज वाटते. ही लाज लेखकाने आपल्याकडून पुरेपूर वसूल केली आहे असे पहिल्या वाचनात मला वाटले होते. दुसऱ्या वाचनात मात्र त्या आईचे मरण जरा स्वस्तात उरकले आहे असे वाटले. तिला नीट ओळखण्याची संधी आपल्याला कोणी देत नाही. ज्याच्या मरणावर हसायचे, त्याला निदान दोन वाक्ये तरी बोलू द्यावीत.

मार्गारेटचे शेवटचे शब्द स्टार्कीला ‘डिव्होर्स जॅक’ असे काहीसे ऐकू येतात आणि कुणा जॅकच्या घटस्फोटाचे कोडे त्याच्या डोक्यात घुमत राहते. प्रत्यक्षात ती ड्वोर्झाक या संगीतकाराचे नाव घेत असते, कारण हवी ती वस्तू त्याच्या संगीताच्या कॅसेटवर दडलेली असते. त्या कॅसेटवर काय आहे ते इथे सांगून कोणाचा रसभंग करणार नाही. परंतु ज्याने वृत्तपत्राच्या डेस्कवर वर्षे काढली आहेत, त्याला ही युक्ती निव्वळ शाब्दिक कोटी वाटणार नाही. मी बावीस वर्षे नागपुरात उपसंपादक होतो. तालुक्याचे वार्ताहर रात्री फोनवरून बातमी सांगत, लाइनवर खरखर असे आणि बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचे पान सोडायला दहा मिनिटे उरलेली असत. एकदा ‘दोन ठार’ हे मी ‘दोन फरार’ असे ऐकले आणि तसेच छापले. दुसऱ्या दिवशी मृतांच्या नातेवाइकांपैकी एक गृहस्थ कार्यालयात आले. ते रागावले नाहीत. वाक्य कोणी लिहिले एवढेच त्यांनी विचारले आणि खुलासा छापून येईपर्यंत माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून राहीन म्हणाले. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच छापून येणार हे त्यांना समजावून सांगणारी मंडळी आजूबाजूला होती. मी गप्प होतो.

स्टार्की सुडाचा नायक म्हणून शोभत नाही, आणि हीच या कादंबरीची खरी गंमत आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतील झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर माझी पिढी वाढली. शत्रूला गाठायचे तर शरीर, हिंमत आणि वेषांतर या तीन गोष्टी हाताशी असाव्या लागतात, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. स्टार्कीकडे यातले काहीच नाही. तो पितो, पळतो, मार खातो. पत्नीचे अपहरण होते तेव्हाही त्याच्याजवळ हत्यार म्हणावे असे एकच असते, ते म्हणजे वाक्य. पिस्तूल रोखलेल्या माणसासमोरही त्याला विनोद सुचतो आणि सुचलेला विनोद तोंडातल्या तोंडात ठेवणे त्याला जमत नाही. विनोदामुळे भय हलके होते असे समीक्षक अनेकदा लिहितात. इथे तसे घडत नाही. इथे विनोद ही खाज आहे. तिच्यामुळे त्याची बायको जाते, दात जायची वेळ येते आणि तरीही ती थांबत नाही. बेटमन यांनी बँगर गावच्या ‘काउंटी डाउन स्पेक्टेटर’ या साप्ताहिकात काम केले होते, त्यामुळे पत्रकाराचा हा आजार त्यांनी जवळून पाहिलेला असणार.

ही खाज आयरिश साहित्यात जुनी आहे. जोनाथन स्विफ्ट यांनी १७२९ मध्ये गरिबांची मुले श्रीमंतांच्या ताटात वाढण्याची योजना इतक्या सभ्य, हिशेबी भाषेत मांडली की वाचणाऱ्याचा घास घशात अडकावा. कादंबरीकार फ्लॅन ओब्रायन दिवसा सरकारी नोकरी करीत आणि टोपणनावाने ‘आयरिश टाइम्स’मध्ये विनोदी स्तंभ लिहीत. त्यांच्या ‘द थर्ड पोलिसमन’ या कादंबरीची सुरुवातच खुनाच्या कबुलीने होते, आणि ती १९६७ मध्ये छापून आली तेव्हा लेखक हयात नव्हते. बेलफास्टमध्ये या परंपरेला आणखी एक कारण मिळाले. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांच्या तीन दशकांच्या संघर्षात सुमारे साडेतीन हजार माणसे मेली, आणि जिथे कोणता चौक कोणाचा आहे हे पाहून पाऊल टाकावे लागते, तिथे दोन्ही बाजूंवर हसणारा माणूस दोन्हीकडून मरू शकतो. कादंबरी आली तेव्हा १९९४ ची शस्त्रसंधी ताजी होती आणि १९९८ चा गुड फ्रायडे शांतता करार अजून दूर होता. तरीही बेटमन यांनी निवडणूक, शांततेचा दूत म्हणून मिरवणारा नेता आणि त्याच्या भूतकाळाला आलेला वास हे सारे आधीच मांडून ठेवले होते. १९९८ मध्ये अभिनेते डेव्हिड थ्यूलिस यांना घेऊन तिच्यावर चित्रपटही निघाला.

आपल्याकडे या हसण्याच्या सर्वात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत म्हणजे स्त्रीरूपातले मोठे पुतळे नागपूरच्या महाल-इतवारीच्या रस्त्यांवरून निघतात, बरोबर बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे असतात आणि त्यांच्या गळ्यांत त्या वर्षीच्या भ्रष्टाचाराच्या, महागाईच्या, फसलेल्या योजनांच्या पाट्या असतात. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक ओरडतात, नाचतात आणि शेवटी सारे जाळून टाकतात. १८८० च्या दशकापासून हे चालू आहे. लहानपणी मला वाटे की ज्याचा बडगा निघाला तो माणूस दुसऱ्या दिवशी तोंड दाखवणार नाही. पुढे वृत्तपत्रात आल्यावर कळले की काहींना आपला बडगा निघाला नाही याचेच वाईट वाटते.

कादंबरीचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाइतका आवडत नाही. योगायोग वाढतात, ननच्या वेशात बंदूक घेऊन फिरणारी परिचारिका पहिल्यांदा धमाल उडवते आणि मग लेखकाची सोय होऊन बसते, पॅट्रिशियाच्या वाट्याला रागावणे आणि सापडणे यापलीकडे फारसे काही येत नाही. आणखी एक गोष्ट पुस्तकाबाहेरून येऊन वाचनात अडथळा आणते. कादंबरीच्या प्रकाशनाला पुरते दीड वर्षही झाले नसावे, तोच २६ जून १९९६ रोजी डब्लिनजवळ ‘संडे इंडिपेंडंट’च्या वार्ताहर व्हेरोनिका गेरिन यांची सिग्नलवर थांबलेल्या गाडीत गोळ्या घालून हत्या झाली. अमली पदार्थांच्या टोळ्यांचा त्या पाठपुरावा करीत होत्या. त्यानंतर गुन्हेगारांची मालमत्ता जप्त करणारा कायदा आला, स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. २००१ मध्ये उत्तर आयर्लंडमधील लर्गन इथे पत्रकार मार्टिन ओहेगन यांना मारले गेले. स्टार्की प्रत्येक वेळी वाचतो, कारण त्याच्या कादंबऱ्यांची मालिका पुढे चालवायची असते. हे ठाऊक असूनही दुसऱ्या वाचनात त्याच्या काही विनोदांपाशी मी थांबलो आणि पुढे जायला वेळ लागला.

माझा स्वतःचा सूड फार लहान होता. शहरातील एका प्रतिष्ठित गृहस्थांनी वरून दबाव आणून माझी एक बातमी थांबवली होती. मी काही बोललो नाही. मात्र पुढील तीन वर्षे त्यांच्या सत्काराची, उद्घाटनाची, शुभेच्छांची जी बातमी माझ्या हाताखालून गेली, तिच्यात त्यांच्या आडनावातील पहिल्या अक्षराची दीर्घ वेलांटी मी नेमाने ऱ्हस्व केली. मुद्रितशोधकाला मी सांगितले होते की ते असेच लिहितात. दर वेळी पान सोडताना जो आनंद होई, त्याची तुलना मी कशाशीही करणार नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्रिमूर्तीनगरातील एका लग्नात ते भेटले. अत्यंत प्रेमाने बोलले, मठ्ठ्याचा पेला स्वतः माझ्या हातात दिला आणि खिशातून कार्ड काढून पुढे केले. कार्डावर त्यांचे आडनाव ऱ्हस्व वेलांटीने छापलेले होते. मी पाहतच राहिलो तेव्हा त्यांनीच खुलासा केला की घरी कात्रणांची फाइल केली आहे, तिच्याशी जुळावे म्हणून दोन्ही मुलांच्या कागदपत्रांतही आता तसेच करून घेतले आहे.