डाव्या हाताचा दावा

माझ्या यजमानांचे चोपड्यात मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने भरून देण्याचे दुकान आहे. आमच्या तालुक्यात केळीला बारा महिने पाणी लागते, त्यामुळे विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती त्याच दिवशी दुकानात आणून टाकतो आणि रात्रीतून बांधून द्या म्हणतो. डिसेंबर 2022 मध्ये अशीच एक मोटार पाहून हे अडावदकडून मोटारसायकलने परत येत होते, तेव्हा समोरून दुसऱ्या गाडीला ओलांडत आलेल्या पिकअपने ह्यांना उडवले. जीव वाचला. डाव्या हाताची हाडे कोपराखाली तीन ठिकाणी मोडली, मज्जातंतूला इजा झाली, दोन शस्त्रक्रिया झाल्या. हात जागेवर राहिला, पण त्याची पकड गेली. त्यानंतर आम्ही नुकसानभरपाईचा जो दावा लढवला, त्यात मला जे समजले ते इथे लिहून ठेवते आहे, कारण आमच्या भागात अपघात नित्याचे झाले असले तरी दावा कसा चालतो हे बहुतेक घरांत कोणालाच ठाऊक नसते.

आठव्या दिवशी पिकअपच्या मालकाच्या वतीने दोन वडीलधारी माणसे घरी आली. 50 हजार रुपये घ्या आणि प्रकरण आपसात मिटवा, असे त्यांचे म्हणणे होते. सासूबाई दोन दिवसांपासून "आते कसं व्हई?" एवढेच म्हणत होत्या, आणि आप्पा, म्हणजे माझे सासरे, पैसे घ्यायच्या मनःस्थितीत होते. गाडीचा मालकही आपल्यासारखाच कष्टकरी, त्याचे घर कशाला बुडवायचे, हा त्यांचा विचार होता आणि तो वाईट नव्हता. परंतु रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला त्रयस्थ व्यक्तीच्या जोखमीचा विमा मोटार वाहन कायदा 1988 नुसार सक्तीचा आहे, आणि विमा व परवाना चालू असेल तर भरपाई विमा कंपनीने द्यायची असते, ही गोष्ट आम्हाला माहीतच नव्हती. माझ्या मामेभावाने ती समजावून सांगितल्यावर आप्पांनी स्वतःच त्या दोघांना चहा पाजून नम्रपणे नकार दिला. केवळ मालकाची दया येते म्हणून किती कुटुंबांनी आपला हक्क सोडला असेल, याचा विचार मनात आला की मला आजही वाईट वाटते.

पहिली अडचण रुग्णालयाच्या कागदात निघाली. ह्यांना ज्या रुग्णालयात प्रथम नेले, तिथे सोबतच्या अनोळखी माणसाने सांगितले त्यावरून "गाडी घसरून पडले" अशी नोंद केली गेली होती. मी त्या वेळी शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर उभी होते, तो कागद वाचण्याचे भान मला नव्हते. पुढे विमा कंपनीच्या वकिलांनी सगळ्यात जास्त जोर त्याच एका ओळीवर दिला: स्वतः घसरून पडलेल्या माणसाला आमची कंपनी भरपाई का देईल? आमचा बचाव झाला तो दिराने त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात दिलेल्या फिर्यादीमुळे आणि घटनास्थळाच्या पंचनाम्यामुळे. पंचनाम्यात रस्त्यावर पडलेल्या पिकअपच्या दिव्याच्या काचा लिहिलेल्या होत्या. त्या काचा लिहिल्या गेल्या नसत्या तर काय झाले असते, हे मला सांगता येणार नाही. म्हणून ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांना माझे एवढेच कळकळीचे सांगणे आहे की रुग्णालयातील अपघाताची पहिली नोंद घरातल्या एका शांत माणसाने त्याच दिवशी वाचून पाहावी, आणि चूक असेल तर तेव्हाच डॉक्टरांना सांगून दुरुस्त करून घ्यावी.

औषधांच्या पावत्यांबद्दलही सांगते. आजकाल त्या ज्या गुळगुळीत कागदावर छापून मिळतात, त्यावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात. माझ्याकडच्या सुमारे तीस पावत्या न्यायालयात दाखल करायच्या वेळी कोऱ्या झालेल्या होत्या. उरलेल्यांच्या झेरॉक्स मी नंतर लगेच काढल्या.

अर्ज आम्ही जळगावच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात एप्रिल 2023 मध्ये, म्हणजे चौथ्या महिन्यात दाखल केला. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने असा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. ज्यांची मुदत टळली असेल त्यांनीही घरबसल्या आशा सोडू नये, वकिलांना एकदा विचारावे. वकिलांची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, कारण महिला आणि दिव्यांग व्यक्ती यांना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळू शकतो.

यानंतर खरा प्रश्न उभा राहिला, तो उत्पन्नाचा. ह्यांनी कधी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरलेले नव्हते, बिलबुक छापलेले नव्हते, बँकेतले खाते नावापुरते होते. मात्र लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून दुकानाची वही मी लिहीत होते, कारण हे उधारी विसरतात. शेतकऱ्याचे नाव, गाव, मोटार किती एचपीची, कधी आली, कधी गेली, किती पैसे ठरले आणि किती मिळाले, एवढेच त्यात असे. ती दोनशे पानांची निळ्या पुठ्ठ्याची वही न्यायालयात निशाणी 31, म्हणजे क्रमांक देऊन पुराव्यात घेतलेला कागद झाली. विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासात मला विचारले की ही वही तुम्ही दाव्यासाठी मागाहून लिहिली हे खरे आहे काय. मी नाही म्हटले. वहीत ज्यांचे नाव आहे त्यांपैकी दोन शेतकरी साक्षीला आले, त्यांतील एक जण केळीची कटाई सोडून आला होता, आणि त्यांनी आपापल्या नोंदी ओळखल्या. तरीही आम्ही सांगितलेले महिना 18 हजार न्यायाधिकरणाने मान्य केले नाहीत. वहीत जमा होती, परंतु तांब्याची तार, इन्सुलेशन कागद आणि व्हार्निश यांचा खर्च मी लिहिलेला नव्हता. उत्पन्न 12 हजार धरले गेले. तो निर्णय मला अन्यायाचा वाटला नाही. खर्च न लिहिणे ही माझी चूक होती.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळे लिहायला बसले, त्याकडे येते. ह्यांच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर डाव्या हाताचे 45 टक्के कायमचे अपंगत्व असे लिहिलेले आहे. विमा कंपनीचे म्हणणे होते की हे 45 टक्के एका हाताचे आहेत, संपूर्ण शरीराचा विचार केला तर ते 15 टक्केच होतात. हिशेबाची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी ठरलेली आहे. 2017 च्या प्रणय सेठी प्रकरणानुसार चाळिशीच्या आतील स्वयंरोजगार करणाऱ्याच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीचे 40 टक्के मिळवतात, आणि 2009 च्या सरला वर्मा प्रकरणानुसार ह्यांच्या 37 या वयाला 15 हा गुणक लागतो. त्याप्रमाणे 12 हजारांचे 16,800 झाले, वर्षाचे 2,01,600 आणि त्याची पंधरा पट 30,24,000. या रकमेचे 15 टक्के घेतले तर 4,53,600 रुपये होतात, 45 टक्के घेतले तर 13,60,800. हात तोच, माणूस तोच.

आमच्या वकील साहेबांनी 2010 मधील राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा निकाल पुढे ठेवला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की शरीराचे अपंगत्व किती टक्के यापेक्षा त्या माणसाची कमावण्याची शक्ती किती गेली हे पाहावे. डावा हात गमावलेला मनुष्य वाहनचालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास पूर्ण बुडू शकते, पण सरकारी कारकुनाची नोकरी त्यामुळे जाईलच असे नाही. तेव्हा रिवाइंडिंगमध्ये डावा हात नेमके काय करतो, हे न्यायाधीशांना समजावणे आवश्यक होते. ते असे. फर्म्यावर गुंडाळलेल्या तारेचे वेटोळे डाव्या हातात धरून, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये केसासारख्या तारा सुट्या करत, एकेक करून स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या अरुंद खाचेत सोडाव्या लागतात, आणि उजव्या हातातल्या पट्टीने त्या आत बसवाव्या लागतात. एखाद्या तारेवरचा लेप खाचेच्या कडेला खरचटला तरी मोटार पुन्हा जळते. डावी चिमूट ढिली पडली की काम संपले.

प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची दरम्यान बदली झाली होती, त्यामुळे त्यांच्या साक्षीसाठी सहा तारखा गेल्या. प्रत्येक तारखेला आम्ही सकाळच्या एसटीने विदगावचा तापीचा पूल ओलांडून जळगावला जायचो आणि पुढची तारीख घेऊन परत यायचो. अखेर ते आले. ह्यांना पाण्याचा पेला उचलता येतो का, असे विमा कंपनीच्या वकिलांनी विचारले, त्यावर ते "होय, दोन्ही हातांनी" म्हणाले. मग आमच्या वकील साहेबांनी जळालेल्या मोटारीतून काढलेली तार त्यांच्यापुढे धरली आणि एवढी बारीक वस्तू या रुग्णाला डाव्या चिमटीत धरून ठेवता येईल काय, असे विचारले. डॉक्टरांनी ह्यांचा हात पुन्हा एकदा तपासला आणि "नाही" असे उत्तर दिले. हे त्या वेळी खाली पाहत होते. दीड वर्ष आम्ही जे घरात मोठ्याने बोलत नव्हतो, ते त्या दिवशी नोंदले गेले.

मध्यंतरी लोकअदालतीत कंपनीने एकूण 6 लाख देऊ केले होते. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसते, म्हणून विचार करून आम्ही नाही म्हटले. ज्यांना पैशांची तातडी असेल त्यांनी हो म्हटले तर मी त्यांना मुळीच दोष देणार नाही. ते सहा लाख आम्हालाही रात्रभर झोपू देत नव्हते.

ऑगस्ट 2025 मध्ये निवाडा झाला. हे दुकानात बसून इतरांकडून काम करून घेऊ शकतात, हे लक्षात घेऊन कमाईचे नुकसान 80 टक्के धरले गेले, म्हणजे 24,19,200 रुपये. उपचारांचा खर्च, वेदना आणि अर्जाच्या तारखेपासूनचे व्याज वेगळे. काही रक्कम मुदत ठेवीत ठेवायचा आदेश आहे. कंपनीने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अपील केले आहे, तेव्हा हे प्रकरण संपलेले नाही.

सध्या दुकानात आयटीआय झालेला एक मुलगा मोटारी बांधतो, हे शेजारी बसून सांगतात, आणि मी नवीन वहीत आता खर्चाचाही रकाना आखला आहे. निळी वही न्यायालयाच्या दप्तरात आहे. अपिलाचा निकाल लागल्यावर ती परत मिळावी म्हणून अर्ज करायचा आहे, कारण तिच्या शेवटच्या चार पानांवरची उधारी अजून वसूल व्हायची आहे.