गाडी कुठे पोचली, हे ऐकणारा कोण?

एपीआरएसची, म्हणजे रेडिओवरून आपले स्थान आणि छोटे संदेश पाठवण्याच्या पद्धतीची, ओळख करून देताना आपण हौशी रेडिओवाले (परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओ चालवणारे) बहुधा एपीआरएस डॉट एफआय या संकेतस्थळावरचा नकाशा उघडून दाखवतो, आणि पाहणाऱ्याचा समज होतो की हे मोबाइलवरच्या लोकेशनसारखेच काहीतरी आहे. माझ्या मते ही ओळख उलट्या टोकाकडून होते. नकाशा सगळ्यात शेवटी येतो. आधी गाडीने हवेत सोडलेले पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, कोणाच्या तरी अँटेनाने ऐकावे लागते. ही पद्धत उभी करणारे, अमेरिकेच्या नौदल अकादमीतील बॉब ब्रुनिंगा (निधन २०२२) हेसुद्धा आग्रहाने सांगत की ही केवळ वाहनांचा माग काढण्याची यंत्रणा नाही, परिसरात या क्षणी काय चालले आहे ते तिथल्या सर्वांना कळावे यासाठी ती आहे.

गाडीतला ट्रॅकर जीपीएसकडून अक्षांश-रेखांश घेतो आणि १२०० व २२०० हर्ट्झच्या दोन स्वरांत, सेकंदाला १२०० बिट या वेगाने, हवेत सोडतो. ऐकायला ती जेमतेम सेकंदभराची खरखर असते. पॅकेट पोचल्याची पावती कोणी देत नाही. वाटेत डिजिपीटर असेल तर तो ते पुन्हा प्रक्षेपित करतो आणि आयगेट असेल तर तो ते इंटरनेटवरच्या सर्व्हरकडे पाठवतो.

इंदूरहून ओंकारेश्वराला जाताना हे सारे नीट कळते. तेजाजीनगर सोडून सिमरोळच्या दिशेने जाईपर्यंत माझी खूण नकाशावर व्यवस्थित सरकते. पुढे भेरूघाटात माळव्याचे पठार संपून रस्ता निमाडात उतरू लागला की ती जागच्या जागी थांबते. जीपीएस चालू असते, ट्रॅकरही पॅकेट सोडत असतो. पण १४४ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि मध्ये पठाराची कड आडवी येते. घरी नकाशा उघडून बसलेल्या आईला मी सांगून ठेवले आहे की खूण थांबली म्हणजे गाडी थांबली असे समजायचे नाही, खुणेशेजारची वेळ पाहायची.

यावर ट्रॅकरची शक्ती वाढवणे किंवा दर दहा सेकंदांनी पॅकेट सोडणे हा उपाय नव्हे. सगळ्यांची वारंवारता एकच असते आणि डोंगराआडची दोन स्थानके एकमेकांना ऐकू शकत नसल्याने त्यांची पॅकेटे एकमेकांवर आदळून दोन्ही वाया जातात. वळणावर पॅकेट सोडणारे आणि सरळ रस्त्यावर थोडे थांबणारे स्मार्ट बीकनिंग वापरावे, आणि पॅकेट डिजिपीटरांनी किती वेळा पुढे धाडावे हे सांगणारा मार्ग चालत्या गाडीसाठी 'वाइड १-१, वाइड २-१' एवढा पुरे. ट्रॅकर घरापासून थोडे दूर गेल्यावर सुरू करावा हेही बरे, कारण हौशी रेडिओवर मजकूर सांकेतिक करता येत नाही आणि आपले स्थान कोणालाही दिसते.

खरी उणीव ऐकणाऱ्यांची आहे. एक स्वस्त यूएसबी रिसीव्हर, एक रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्यावर पॅकेटे उलगडणारे डायरवुल्फ हे सॉफ्टवेअर आणि गच्चीवर सुमारे अर्ध्या मीटरची उभी अँटेना एवढ्यावर, कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारे ओळखनाव) असलेल्या माणसाला, फक्त ऐकणारा आयगेट उभा करता येतो. तो चालू झाला की संकेतस्थळावर पॅकेटची मूळ ओळ अवश्य वाचावी: ज्या डिजिपीटरने ते पुढे धाडले त्याच्या नावापुढे तारांकन असते, आणि 'क्यूएआर' किंवा, आयगेट फक्त ऐकणारा असेल तर, 'क्यूएओ' या अक्षरांनंतर ते इंटरनेटवर चढवणाऱ्या आयगेटचे नाव येते. त्या जागी स्वतःचे कॉलसाइन दिसले की दुसऱ्याचे पॅकेट आपण पोचवले याचा मला दर वेळी मनापासून आनंद होतो.

शहराच्या मध्यभागी आणखी एक आयगेट वाढवण्यापेक्षा सिमरोळ किंवा महूच्या बाजूला, पठाराच्या दक्षिण कडेजवळ, कोणाची उंच गच्ची असेल तर तिथून घाटातले बरेच काही ऐकू येईल. परवानाधारकांपैकी ज्यांच्याकडे तशी जागा आहे त्यांनी मला कळवावे. अँटेना बसवायला आणि डायरवुल्फची जुळणी करायला मी येईन.